वजनावर बोलण्याआधी झोपेविषयी विचारा

आज फोंड्याला एका साखरपुड्यात, भर पंगतीत, नात्यातल्या एका बाईंनी माझ्या भाचीला मोठ्याने विचारले, "काय गो, किती जाडी झालीस! हॉस्टेलात नुसती खातेस काय?" आजूबाजूचे हसले, तीही हसली आणि पानातला भात तसाच टाकून उठली. घरी आल्यापासून माझा संताप शांत झालेला नाही, म्हणून लिहिते आहे.

ही मुलगी वाळपईची. रोज कदंबाच्या बसने पणजी गाठण्यात दिवसाचे तास जात, म्हणून एम.एस्सी.ला ती वसतिगृहात राहिली. तिथली मेस रात्री लवकर बंद होते, जर्नल आणि असाइनमेंट मात्र दोन-दोन वाजेपर्यंत चालतात. अकराला भूक लागली की गाड्यावरचे आम्लेट-पाव, नाहीतर किटलीत उकळलेल्या नूडल्स. सकाळी प्रॅक्टिकल असल्यामुळे न्याहारी हुकते आणि चहावर दुपार गाठावी लागते; तोवर पोटात इतकी आग पडलेली असते की कॅन्टीनमध्ये जे तळलेले समोर येईल ते ती खाते. याला कोणी खादाडपणा म्हणणार असेल, तर त्याने आठवडाभर असे जगून दाखवावे.

अपुऱ्या झोपेने भूकच बदलते. 2004 साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले आणि दहा तासांच्या झोपेशी त्याची तुलना केली. पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन हे हार्मोन 18 टक्क्यांनी कमी झाले, भूक चेतवणारे घ्रेलिन हे हार्मोन 28 टक्क्यांनी वाढले, आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष वाढली. दोनच रात्रींत एवढा फरक पडतो, तर ज्या मुली सत्रामागून सत्र असे काढतात त्यांच्या शरीराचे काय होत असेल? त्यातून विशीच्या आसपास झोपेची वेळ निसर्गतःच उशिरा सरकलेली असते, आणि या वयाला सात ते नऊ तासांची झोप लागते.

मुले रात्री दोनपर्यंत अभ्यासच करतात असे नाही, मोबाइलही हातात असतो आणि सगळेच वजन जागरणाने वाढत नाही, हे मला मान्य आहे.

पण मला खरी चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. भाचीच्याच खोलीत राहणारी मुलगी त्याच जागरणांनी आणि त्याच हुकलेल्या जेवणांनी वाळून गेली आहे, आणि तिला मात्र जो तो म्हणतो, "छान बारीक झालीस हां!" म्हणजे एकीला टोमणा, दुसरीला शाबासकी, आणि दोघींना झोप मिळते की नाही याची चौकशी कोणीच करत नाही. पंगतीतून उठलेली मुलगी उद्यापासून रात्रीचे जेवण सोडील, म्हणजे मध्यरात्री तिची भूक आणखी खवळेल.

लिहिता लिहिता त्या बाईंवरचा राग थोडा ओसरला आहे. पहाटे उठून घरादाराचे करणाऱ्या त्या बाई रात्री नऊ-साडेनऊला आडव्या होत, आणि मुलांना सकाळी पेज पोटात घातल्याशिवाय त्यांनी कधी शाळेत पाठवले नाही. त्यांना काळजी वाटते हे खोटे नाही, पण ती भर पंगतीत अशी बोलून दाखवायची नसते.

माझ्या मित्रयादीत बरेच प्राध्यापक आहेत, आणि वसतिगृहांच्या समित्यांवर असलेलेही काही आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ऑनलाइन सबमिशनची मुदत रात्री 11.59 ची ठेवू नका, संध्याकाळी पाचची ठेवा. मेसमध्ये रात्री दहापर्यंत निदान पेज, भाजी आणि उकडलेली अंडी मिळतील एवढी सोय करा. त्यासाठी वेगळा निधी लागत असेल तर पालक म्हणून आम्ही तो उभा करू, फक्त कोणाकडे यायचे ते सांगा.