स्टिक उलटी चालत नाही हो!

भाचीचं सोमवारी शाळेत भाषण आहे. वहीत तिने सुबक अक्षरात उतरवलंय: ‘ध्वनीचा वेग ओलांडला की विमानाची स्टिक उलटी चालते. हे फक्त चक यीगरला ठाऊक होतं, म्हणून तो वाचला.’ कुठून आणलंस? तर फॅमिली ग्रुपवरून. ‘अमेरिकेने लपवलेलं सत्य’ हा तो मेसेज मलाही तीनदा आला होता, न वाचताच पुसला.

तर, स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा, उलटी चालत नाही. हा प्रसंग १९५२ च्या एका ब्रिटिश सिनेमातला. अमेरिकन वैमानिक यीगरने ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडला त्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९४७ ला, काय घडलं ते त्यानेच उड्डाणाच्या अहवालात लिहून ठेवलंय: मॅक ०.९८-०.९९ च्या सुमारास (मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग) एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाची हलती पट्टी) आणि रडर (उभ्या पंखाची) पुन्हा लागू पडले, विमान शांत झालं, काटा १.०२ वर क्षणभर अडखळला आणि १.०६ वर उडाला. त्यातलं ‘पुन्हा’ नीट वाचा. आधीच्या एका उड्डाणात ०.९४ च्या आसपास त्याने स्टिक पोटाशी ओढली तरी विमान ढिम्म. शॉकवेव्ह, म्हणजे हवेच्या दाबाची लाट, नेमकी एलिव्हेटरच्या बिजागरीवर येऊन बसली होती. म्हणजे स्टिक उलटी नव्हे, मेलेली! उपाय काढला इंजिनिअर जॅक रिडलीने: एलिव्हेटरचा नाद सोड, शेपटीचा अख्खा आडवा पंखच थोडाथोडा फिरव. यीगरच्या विमानात, बेल एक्स-१ मध्ये, ती सोय होतीच.

वहीत पुढे: ‘ध्वनीचा वेग ओलांडण्याचा पहिला मान जर्मन वैमानिक मुटकेचा, एप्रिल १९४५.’ दावा त्याचा आहे, पुरावा नाही. त्याचं जेट विमान मेसरश्मिट २६२ मॅक ०.८६ च्या पुढे सूर मारताना हाताबाहेर जायचं, आणि त्या वेगाला वेगमापक खोटं बोलतो.

आणखी एक: ‘एक्स-१ चं डिझाइन ब्रिटिशांकडून चोरलं.’ बरं, अर्धं मान्य. ध्वनीपेक्षा वेगाने उडण्यासाठी आखलेल्या ब्रिटिश माइल्स एम-५२ विमानाची माहिती अमेरिकेला दिली गेली होती, अख्खा हलणारा शेपटीचा पंख त्यातही होता, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ब्रिटिशांनीच तो प्रकल्प गुंडाळला. पण ते जेटवर उडणार होतं. एक्स-१ अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनच्या रॉकेटवर उडालं. दिलेल्या माहितीला चोरी कसं म्हणायचं?

मला थाप वाटलेली गोष्ट मात्र खरी निघाली. दोन दिवस आधी यीगर घोड्यावरून पडला होता, बरगड्या मोडल्या होत्या, आणि विमानाचं दार लावायला त्याने झाडूच्या दांड्याचा तुकडा वापरला.

भाचीने वहीत नेमकं तेवढंच खोडलं होतं.