फाइल म्हणजे कानस की सबमिशन?

भाचा यंदा दहावी उत्तीर्ण झाला. डिप्लोमाच्या प्रवेशाचे पर्याय भरताना त्याने मला विचारले की, भर शहरातल्या तीन मजली इमारतीतले छोटे कॉलेज वर टाकावे, की गावाबाहेरचे, मोठे मैदान आणि स्वतःच्या बसगाड्या असलेले कॉलेज. मी २००९ साली कोल्हापुरातल्या अशाच एका छोट्या विनाअनुदानित पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला प्रवेश घेतला होता. फोनवर पाच मिनिटांत सांगण्याजोगे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आमच्या कॉलेजला मैदान नव्हते. वाचनालय म्हणजे दोन कपाटे आणि एक लांब टेबल. वर्कशॉप मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. त्यात चार लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापण्याची यंत्रे, होत्या आणि त्यांपैकी एक, मी तीन वर्षांत पाहिले तेवढ्यापुरते तरी, प्लास्टिकच्या कापडाखालीच होती. साठ विद्यार्थ्यांच्या तीन बॅचेस, म्हणजे एका बॅचला वीस जण. आठवड्याच्या चार तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये तीन चालू लेथ वीस जणांत वाटल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पस्तीस मिनिटे येतात. ऐकायला हे फारच तुटपुंजे वाटते. पण ती पस्तीस मिनिटे खरोखर मिळाली असती, तर माझी काहीही तक्रार नसती.

याचे कारण मी पहिल्याच वर्षी फिटिंगच्या बाकावर पाहिले होते. माइल्ड स्टीलच्या पट्टीचा एक ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासून त्याच्या कडा एकमेकींना काटकोनात आणायच्या, एवढेच काम. तुकडा गुण्याला लावून खिडकीच्या उजेडासमोर धरला की, फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसायची. घासताना हात किंचित वर-खाली झुलला की कडा मध्ये फुगायची आणि दोन्ही टोकांना फट पडायची. तिसऱ्या आठवड्यात एका कडेची रेघ नाहीशी झाली, तेव्हा आमच्या इन्स्ट्रक्टरांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे गेले. पुढे नोकरीत व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर वाचताना जो विश्वास वाटला, तो त्या खिडकीपाशी मिळालेला होता. साठ मुलांच्या कॉलेजात इन्स्ट्रक्टरला प्रत्येकाचा हात ओळखता येतो, आणि छोटेपणाचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो.

मात्र आमच्याकडे ‘फाइल’ या शब्दाचे दोन अर्थ होते. एक म्हणजे कानस. दुसरी सबमिशनची, म्हणजे सेमिस्टरअखेरीस तपासायला द्यायच्या जर्नल आणि ड्रॉइंगची. दुसऱ्या फाइलीने पहिलीला हळूहळू गिळून टाकले. सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरा दिवसांत वर्कशॉपला कुलूप लागायचे आणि सगळा वर्ग जर्नल उतरवण्याच्या मागे लागायचा. ड्रॉइंगच्या शीटची ‘जीटी’ मारायची, म्हणजे दोन खुर्च्यांवर काच ठेवून, खाली दिवा लावून, मागच्या बॅचची शीट ट्रेस करायची. ज्यांनी डिप्लोमा केला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सळई ताणून तोडण्याचे यंत्र आमच्याकडे होते, पण मी ते चालताना कधीही पाहिले नाही. तरीही सर्वांच्या जर्नलमध्ये त्या प्रयोगाची रीडिंग्ज होती आणि तीही दशांशापर्यंत सारखी. आमच्या सीनिअर्सच्या आणि त्यांच्याही सीनिअर्सच्या जर्नलमधली सळई अगदी त्याच भाराला तुटली होती. इतकी एकनिष्ठ सळई कोणत्याही रोलिंग मिलमधून निघणे शक्य नाही.

याचा सगळा दोष शिक्षकांवर टाकणे मला पटत नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि आमच्या वर्गातल्या बहुतेकांचा डोळा त्या प्रवेशावर, म्हणजेच टक्क्यांवर होता. टर्म वर्कचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे, गुण कॉलेजच्या हातात आणि ते द्यायचे तर आधाराला कागद हवा. बाहेरून तपासणीला येणारी माणसेही फायलीच चाळतात, कारण फाइल चाळता येते. मुलाच्या हाताला काय आले, हे चाळून कळत नाही. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजे निघू लागली, तेव्हापासून चर्चा झाली ती फीची आणि जागांची. वर्कशॉपचे कुलूप कोणी किती वेळा उघडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आमच्या बाबतीत तर हे अधिकच खटकणारे होते, कारण शिवाजी उद्यमनगर ही छोट्या कारखान्यांची वसाहत कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर होती. गल्लोगल्ली लेथ, ड्रिलिंग, शेपिंगची यंत्रे, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, ढीग. तीन वर्षांत कॉलेजने आम्हांला तेथे एकदाही नेले नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा शाफ्ट करून घ्यायला मी स्वतःच गेलो, तेव्हा एका मिस्त्रींनी मला मशीनजवळ उभे केले आणि म्हणाले, “बघू नको नुसतं, आवाज ऐक की. घासतंय का कापतंय, कानाला कळतंय.” टूलची धार गेल्याचे कानाने ओळखता येते, हे माझ्या एकाही जर्नलमध्ये नव्हते.

माझ्यानंतर डिप्लोमाचा अभ्यासक्रम बदलत गेला. त्याच्या ‘आय-स्कीम’ या आराखड्यामध्ये ६ आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण आले आणि आताच्या के-स्कीममध्ये ते १२ आठवड्यांचे झाले, याचे मला मनापासून स्वागत करावेसे वाटते. पण ओळखीच्या कारखान्यातून नुसते प्रमाणपत्र आणण्याची सोय मुलांनी त्यातही शोधलेली आहे, हे माझ्याकडे प्रमाणपत्र मागायला येणाऱ्या मुलांवरून मी सांगू शकतो. छोट्या कॉलेजाने पाचवी लेथ विकत घेण्याआधी शेजारच्या चार गाळेवाल्यांशी बोलून आठवड्याची एक दुपार ठरवली, तर त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. गावाबाहेरच्या भव्य कॅम्पसला हे बस करूनच जमेल.

भाच्याला मी म्हटले, इमारत पाहू नकोस. दोनच गोष्टी विचारून ये: लेथ किती चालू आहेत, आणि वर्कशॉपची किल्ली कोणाकडे असते. तो परवा शहरातल्या कॉलेजात जाऊन आला. लेथ पाच आहेत, त्यांतल्या चार चालू. किल्लीचे विचारायला तो लाजला, म्हणून सोमवारी आम्ही दोघे मिळून जाणार आहोत.