पदकं वितळवायची का? गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

"कत्तलीच्या पदकाला देखणं म्हणता, वर फोटो एवढा मोठा लावता. मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं काय? असली पदकं वितळवून टाकावीत," असं तुम्ही पोपच्या पदकावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. रागावलात हे दिसतंच आहे. तरी 'देखणं' हा शब्द मी काढणार नाही.

पोप तेराव्या ग्रेगरीचं ते पदक 1572 चं. ऑगस्टच्या अखेरीस पॅरिसमध्ये ह्युगनोंची, म्हणजे पोपची सत्ता न मानणाऱ्या फ्रेंच प्रोटेस्टंटांची, कत्तल सुरू झाली आणि रोमनं आनंदानं पदक काढलं. एका बाजूला पोपचा चेहरा, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि तलवार घेतलेला देवदूत, समोर कोसळलेली माणसं. काम ओबडधोबड असतं तर कुणा माथेफिरूचा उद्योग म्हणून सोडून देता आलं असतं. पण हे निगुतीनं घडवलंय, चांगला कारागीर लावून, खुद्द पोपच्या नावानं. असा कबुलीजबाब वितळवला तर सोय कुणाची होते?

पदक काढणाऱ्यावरच उलटतं, असंही घडलंय. 1915 मध्ये जर्मन पाणबुडीनं 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं आणि सुमारे 1,200 माणसं गेली. कार्ल गोएट्झ या जर्मन कारागिरानं जहाज कंपनीची टिंगल करणारं पदक काढलं. त्यात तिकीट खिडकीत हाडांचा सापळा बसलाय. बुडण्याची तारीख मात्र 7 मेऐवजी 5 मे पडली. ब्रिटिशांनी त्याच्या लाखांनी नकला पाडल्या आणि बोभाटा केला, की बघा, यांचं सगळं आधीच ठरलं होतं!

आता आपल्याकडचं. भोकरदन तालुक्यातल्या असईची लढाई तुम्हाला मी काय सांगावी? 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढताना इंग्रज सेनापती वेलस्लीकडचेच दीड हजारांवर मेले नाहीतर जखमी झाले. त्याचं चांदीचं 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झालं 1851 मध्ये, तेही तोवर हयात असलेल्यांपुरतं. वरच्या पट्टीवर असईचं नाव. खाली एकीकडे व्हिक्टोरिया राणी, दुसरीकडे निवांत बसलेली विजयदेवता. तिथल्या नद्या, केळणा नाही, जुई नाही, मेलेला एक माणूस नाही. रोमच्या पदकात निदान मेलेले दिसतात तरी. मला विचाराल तर हे चांदीचं सोज्वळ प्रकरण जास्त खटकतं.

तेव्हा फोटो राहू द्या. असईच्या पदकाचाही लावतोय, तेवढाच मोठा. त्यावरही खरडपट्टी येऊ द्या.