तीन बाण पाहावेत आणि निर्धास्त टाकावे

विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर पर्यावरणप्रेमी होणे क्रमप्राप्तच आहे. फक्त त्यापायी आपली एकही सवय मोडणार नाही, याची दक्षता पहिल्या दिवसापासून घ्यावी. पुनर्चक्रणाचे ते तीन बाणांचे चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या विद्यार्थ्यानेच एका स्पर्धेसाठी काढले होते, तेव्हा विद्यार्थिवर्गाच्या वाट्याचे काम त्याच वर्षी उरकले, असे समजण्यास हरकत नाही.

कॉफीचा पेलाच घ्या. तो कागदाचा दिसतो, म्हणून तळाशी बोटभर कॉफी ठेवून, त्यात हात पुसलेला टिश्यू कोंबून, झाकणासकट रद्दीच्या डब्यात सोडावा. पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि त्यामुळे साध्या कागद गिरणीत त्याचा लगदा सहजी होत नाही. पण नखाने पेले खरवडून पाहण्याइतके आपण रिकामटेकडे नाही. शिवाय उरलेली कॉफी खालच्या पाठकोऱ्या कागदांवर झिरपली, की तेही पुन्हा कागदाच्या जन्माला येण्याच्या फेऱ्यातून सुटतात. एका घोटात एवढ्यांना मोक्ष, हे पुण्य काय थोडे आहे?

प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एखादा आकडा असतो. तो केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्चक्रणाची हमी देत नाही, असे कुणी म्हणू लागल्यास त्याला नकारात्मक ठरवून मोकळे व्हावे.

कचरा मुळातच कमी करावा, हा अप्रिय विषय निघालाच, तर तत्काळ कापडी पिशव्या छापून घ्याव्यात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये केलेला हिशेब असा, की शेवटी कचरा भरायला वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीशी निव्वळ हवामानाच्या बाबतीत बरोबरी साधायची, तरी साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. हा हिशेब बिघडवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक परिसंवादाला नवी पिशवी स्वीकारणे. (माझ्या दाराच्या खुंटीवर अकरा आहेत, दहा अकराव्या पिशवीत घडी करून ठेवल्या आहेत, कारण नीटनेटकेपणा मला आवडतो.)

वर्षअखेरीस वसतिगृहाची खोली रिकामी करताना चालू स्थितीतला टेबलदिवा, अर्ध्या कोऱ्या वह्या आणि हँगर पुढच्या मुलाला देण्यासाठी एक जिना उतरावा लागतो, कचराकुंडी मात्र दारातच असते. तेव्हा निर्णय सोपा आहे. सामान भरायला खुंटीवरच्या पिशव्यांना हात लावू नये, त्यांवर झाडाचे चित्र आहे. प्लास्टिकच्या मोठ्या काळ्या पिशव्या मागवाव्यात.