सांताचा रहिवासी दाखला

डिसेंबर उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण ठरलेलं. यंदा पुण्यातल्या भाचीच्या शाळेने मुलांना लाल टोप्या आणायला सांगितल्या आणि काका पेटले: "दत्तजयंतीला काही नाही, आणि त्या परक्या म्हाताऱ्याचे एवढे लाड!"

टोपीची सक्ती मलाही खटकते. पण 'परका' म्हटलं की मी अडतो, कारण मी राहतो त्या अमेरिकेतही तो उपराच होता. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. 1863पासून 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात चित्रं काढून सांताला आजचं गोल पोट आणि पांढरी दाढी दिली ती व्यंगचित्रकार थॉमस नास्टने. तो जर्मनीतला, 1846 साली लहानपणी इथे आलेला. पुढे तोच सांता विनोदी साप्ताहिकांच्या नाताळ अंकांत शिरला. आपल्या दिवाळी अंकांसारखाच थाट. त्यातलं 'पक' व्हिएन्नाच्या जोसेफ केप्लर या व्यंगचित्रकाराचं. न्यूयॉर्कात 1876 साली ते निघालं तेही जर्मन भाषेत. इंग्रजी आवृत्ती 1877 साली आली. शिळाप्रेसवर छापलेली त्याची रंगीत पानं अजूनही झळझळीत दिसतात.

मात्र नास्टला संत करायला नको. 1871 साली त्यानेच कॅथलिक बिशपांच्या उंच टोप्यांचे जबडे करून अमेरिकन मुलांवर चालून येणाऱ्या मगरी काढल्या. चित्राचं नाव 'अमेरिकन गंगा नदी'! वाद तेव्हाही शाळांचाच होता. स्वतः बाहेरून आलेला माणूस दुसऱ्याला परका ठरवत होता.

केप्लरने 1893 साली नेमकं हेच काढलं. धक्क्यावर गाठोडं घेऊन एक जण उतरतोय, सुटाबुटातले धनिक हात वर करून त्याला अडवतायत, आणि त्यांच्या मागे पडलेल्या सावल्या त्यांच्याच जुन्या, फाटक्या रूपाच्या.

न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा कायदा 2023 साली झाला, तेव्हा ग्रुपवर सर्वात जास्त फुलबाज्या काकांनीच पाठवल्या होत्या. म्हणून ते चित्र मी त्यांनाच पाठवलं.

तासाभराने उत्तर आलं: "छान आहे. पण यात सांता कुठाय?"