पद्मिनी आणि हायलक्स

गाड्यांवरच्या तुमच्या लेखात तुम्ही प्रीमियर पद्मिनीला 'जुनं तंत्रज्ञान' आणि टोयोटा हायलक्स या पिकअपला 'नवं' म्हणून मोकळे झालात, पण जरा दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून बघा. हायलक्स आजही ट्रकसारख्या शिडीच्या आकाराच्या चौकटीवर उभी आहे आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाटे पद्मिनीलाही मागेच. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या फियाट ११०० च्या लेकीला वेगळी चासी, म्हणजे अशी चौकट, नाहीच, अख्खी बॉडीच भार पेलते. म्हणजे या एका बाबतीत म्हातारीच पुढे! अर्थात जड माल लादायचा तर शिडीच बरी, टोयोटाला कळत नाही असं थोडंच आहे.

ताकदीची तुलना मात्र करूच नये. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, समोर २.८ लिटरचं डिझेल, दोनशेच्या वर. ब्रेकचंही तेच. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, एअरबॅगचं तर नाव नको. कुटुंबाला घेऊन एक्सप्रेसवेवर जायचं तर मी डोळे झाकून हायलक्स घेईन. पण सव्वापाच मीटरहून लांब हे धूड गिरगावातल्या गल्लीत वळवून दाखवा. तिथे स्टिअरिंगवरचा गिअर टाकत पद्मिनी आरामात निघते.

आणि ज्यांच्याकडे १९७५ च्या आधीची मूळ रूपातली पद्मिनी आहे त्यांनी भंगारात देऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीला २० हजार रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला ती काढता येत नाही.