उद्या शाळा आहे का?

परवा रात्री पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि साडेदहापासून फोन थांबेना. "बाई, उद्या शाळा आहे का?" "मॅडम, सुट्टीचा फॉरवर्ड आलाय, खरा आहे का?" महापालिकेचा निर्णय यायचा होता. मी ग्रुपवर लिहिलं, "अजून काही कळलेलं नाही. पहाटे साडेपाचला सांगते. तोवर झोपा." आमच्या एका तरुण सरांना ते खटकलं. मुख्याध्यापिकेनेच "माहीत नाही" लिहिलं तर पालक काय समजतील, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना म्हटलं, सर, २०२० साली तुम्ही बी.एड. करत होतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमची शाळा भांडुपच्या डोंगरउताराला लागून. अनुदानित, मराठी माध्यम. पालक रिक्षावाले, वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया, आणि अर्धं कोकण. २३ मार्च २०२०ला दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. तो आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. मधले तीन आठवडे पालक विचारत होते, आणि मी ठासून सांगत होते, "पेपर होणार, तयारी चालू ठेवा." मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. मोठ्या बाईंनी ठाम बोलावं असं मला वाटत होतं, एवढंच. एक मुलगी तेवढे दिवस ब्राझीलच्या नद्या पाठ करत बसली. नंतर तिची आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही नक्की म्हणालात म्हणून तिला गावाला पाठवलं नाही." त्यांची बाकीची माणसं लॉकडाऊनच्या आधीच निघून गेली होती.

दुसरी चूक त्याहून मोठी.

जूनपासून "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" झालं. आमचे निम्मे शिक्षक बदलापूर, टिटवाळ्याचे, आणि लोकल फक्त अत्यावश्यक सेवेला. ते घरून तास घ्यायचे आणि मी रोज संध्याकाळी हजेरीचा आकडा वर पाठवायचे. सहावीच्या पटावर ५२ आणि लिंकवर १९. हा आकडा पाठवायची मला लाज वाटायला लागली. लाज मुलांची नव्हे, माझी. मग एके दिवशी मी वर्गाच्या ग्रुपवर यादी टाकली: "खालील विद्यार्थी सलग ८ दिवस गैरहजर आहेत." खाली १४ नावं.

रात्रीपर्यंत तिघांनी ग्रुप सोडला.

त्याच आठवड्यात पोषण आहाराचं वाटप होतं. शाळेत खिचडी शिजत नव्हती, म्हणून तांदूळ आणि कडधान्य पालकांच्या हातात द्यायचो. गेटपाशी चुन्याची वर्तुळं आखलेली, एका वर्तुळात एक पालक. त्या १४ जणांपैकी एकाची आई पुढे आली. तांदळाच्या पिशवीचं तोंड पिळत म्हणाली, "नाव टाकलंत ते शेजारणीने वाचून दाखवलं. आमच्यात फोन एकच आहे, बाई. तो ह्यांच्याबरोबर जातो. बारा तासांची ड्युटी असते, वॉचमनची." एवढं बोलून ती गेली. वाटपाच्या रजिस्टरवर तिची सही घ्यायची राहिली ती राहिलीच.

वाटप संपल्यावर आमचे शिपाई मामा खुर्च्या उचलत म्हणाले, "बाई, यादी टाकायच्या आधी मला विचारायचंत."

मामा भांडुपचेच. लोकल बंद असतानाही चालत यायचे. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही आहे. दाखल्याला, निकालाला कोण आलं नाही, कुणाच्या घरी निरोप द्यायचा, याची. त्यात पत्ते नाहीत, खुणा आहेत. 'टेंभीपाडा, दत्ताच्या देवळामागे निळा पत्रा.' 'कोकण नगर, पिठाची गिरणी, वरची खोली, आजीला विचारणे.' त्या संध्याकाळी मी सहावीचा पट वाचत गेले आणि मामा सांगत गेले. हा लांज्याला गेलाय, नेटसाठी सड्यावर जावं लागतं. ही माणगावला आहे. तिकडे ३ जूनच्या निसर्ग वादळात खांब पडलेत, दिवेच नाहीत, लिंक कुठली बघता? ह्याचा बाप रिक्षा घेऊन घरी बसलाय, रिचार्ज संपलाय. हिच्याकडे फोन रात्री आठनंतर येतो.

तेव्हा मला या शाळेत २३ वर्षं झाली होती. यातलं मला काही माहीत नव्हतं.

मग आम्ही सहावीचा गणिताचा तास रात्री साडेआठला ठेवला. आमच्या गणिताच्या बाईंनी एकदाही कुरकुर केली नाही, हे इथे लिहून ठेवते. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्या स्वाध्यायांच्या झेरॉक्स मामा तीन किराणा दुकानांत ठेवून यायचे. साखर आणायला आलेलं पोर कागद घेऊन जायचं आणि पुढच्या खेपेला लिहून परत द्यायचं. त्या कागदांना तिखटाचा वास यायचा. अशा मुलांना वर पाठवायच्या हजेरीच्या तक्त्यात रकानाच नव्हता. तिथे ती शेवटपर्यंत गैरहजरच राहिली. आणि ज्या १४ घरांची नावं मी टाकली होती, त्यांना मी एकेक करून फोन केला. तीन फोन उचललेच गेले नाहीत.

त्या काळात 'संकटकाळातलं नेतृत्व' या विषयावर मी सहा वेबिनार ऐकले, चहा-पोहे करता करता. सगळ्यांत व्हिजन होतं. फोन कुणाच्या खिशात असतो, हे कुणी विचारलं नाही. ऑनलाइन शिक्षण वाया गेलं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी वेगळी खोली आणि वायफाय होतं, त्यांचं बरं चाललं. पण आमच्याकडचे ते १९ लिंकवर येतच होते, मला उरलेल्या ३३ची काळजी करायला पगार होता.

पालकांना दर शनिवारी संध्याकाळी एक निरोप जायला लागला, तो तेव्हापासून. काय कळलंय, काय कळलेलं नाही, आणि पुढचं कधी सांगेन. २०२१ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५० आणि दहावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे ५० असं सूत्र आलं. त्यात नववीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा लॉकडाऊनमुळे झालेलीच नव्हती! अकरावीच्या प्रवेशाची सीईटी २१ ऑगस्टला ठरली, १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. दर वेळी शनिवारच्या निरोपात मी "माहीत नाही" लिहिलं आणि एकाही पालकाने त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही. उलट, मधल्या वारी येणारे फोन कमी झाले.

१५ डिसेंबर २०२१ला मुंबईत पहिली ते सातवीची मुलं शाळेत आली. दुसरीत एक मुलगा होता, ज्याची सगळी पहिली फोनवर गेली होती. बाई म्हणाल्या, "वही दाखव." तो जागच्या जागी उभा राहिला आणि वही उघडून छातीशी धरली, पानं बाहेरच्या बाजूला. बाईंनी हात पुढे केला तरी देईना. तशीच धरून उभा. जानेवारीत पुन्हा गेट बंद, २४ तारखेला पुन्हा उघडं. त्याला वही हातात द्यायला शिकायला फेब्रुवारी लागला.

असो. काल पहाटे साडेपाचला सुट्टी कळली, साडेपाचला कळवली.

मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. मी त्यांच्याकडे ती वही मागितली. म्हणाले, "घ्या की. पण त्यात अर्धंच आहे, बाकीचं चालताना आठवतं." म्हणून नव्या शिपायाला दर शनिवारी त्यांच्याबरोबर वस्तीत पाठवायचं ठरवलंय. पहिला शनिवार पावसात गेला.